बारा तासांचे धडे आणि त्यांच्या मधले दिवस

१९ ऑगस्ट २०२५ ला मी आयर्लंडमध्ये गाडीची परीक्षा पास झाले. दुसऱ्या प्रयत्नात. थिअरी परीक्षा दिली त्या दिवसापासून मोजलं तर एकोणीस महिने लागले. एवढ्या काळात इंग्रजीत भरपूर माहिती मिळाली, पण कुणी आपल्या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं असं मराठीत काही सापडलं नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आम्ही काउंटी किल्डेअरमधल्या एका गावात राहतो. डब्लिनला जायला ट्रेन आहे, पण गावातल्या गावात फिरायला बस तासाला एक. मुलीची शाळा चार किलोमीटरवर, तिचा पोहण्याचा क्लास विरुद्ध दिशेला सहा. कोल्हापूरला मी बारा वर्षं स्कूटी चालवली, गाडीचं लायसन्स मात्र कधी काढलं नव्हतं. तिकडचं गाडीचं लायसन्स असलेल्या माझ्या मैत्रिणींनाही ते इथे बदलून मिळालं नाही, त्यांनाही थिअरीपासूनच सुरुवात करावी लागली. फरक एवढाच, की जुन्या लायसन्सचा पुरावा देऊन अर्ज केला तर बाराऐवजी सहा धड्यांची सवलत मिळू शकते. तुमच्याकडे लायसन्स असेल तर क्लासला पैसे भरण्याआधी ही चौकशी जरूर करा.

हे बारा धडे म्हणजे एसेन्शिअल ड्रायव्हर ट्रेनिंग, सगळे ईडीटी म्हणतात. ४ एप्रिल २०११ पासून ज्यांना गाडीचं पहिलं लर्नर परमिट मिळालं, त्या सगळ्यांना हे सक्तीचे आहेत. प्रत्येक धडा एक तासाचा, आणि तो रोड सेफ्टी अथॉरिटीची, म्हणजे आरएसएची, मान्यता असलेल्या शिक्षकाकडूनच घ्यावा लागतो.

थिअरी परीक्षा १७ जानेवारी २०२४ ला दिली. फी ४५ युरो. चाळीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, पस्तीस बरोबर यावे लागतात. माझे छत्तीस आले. तीन आठवडे रोज रात्री मुलगी झोपल्यावर अभ्यास केला होता. नियमांचे प्रश्न सोपे वाटले. मला अवघड गेले ते थांबायला लागणाऱ्या अंतराचे: ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते, टायर झिजलेले असतील तर किती. नाव नोंदवताना ते ओळखपत्रावर आहे अक्षरशः तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर एक क्रम, दुसऱ्या कार्डावर दुसरा. मी फोन करून आधीच विचारून घेतलं आणि एक अडचण टळली.

मग डोळ्यांचा दाखला. डी-५०२ नावाचा फॉर्म चष्म्याच्या दुकानातला तपासनीस भरून देतो, त्याला ३० युरो पडले. हा दाखला ताजा लागतो, म्हणून बाकीची कागदपत्रं हातात आल्यावर शेवटी तो करावा. पत्त्याचा पुरावा, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), राहण्याच्या परवानगीचं कार्ड, थिअरीचं प्रमाणपत्र हे सगळं घेऊन वेळ ठरवून लायसन्सच्या केंद्रात गेले. परमिटची फी ४५ युरो. ९ फेब्रुवारीपासून वैध असलेलं परमिट पोस्टाने घरी आलं. मुदत दोन वर्षं.

परमिट हातात आलं की आनंदाच्या भरात लगेच क्लासला फोन करावासा वाटतो. मी तेच केलं आणि इथे चुकले. आधी तीन गोष्टी जमवायला हव्या होत्या: सरावाला गाडी, शेजारी बसणारा माणूस, आणि विमा. शेजारी बसणाऱ्याकडे त्या वर्गाचं पूर्ण लायसन्स किमान दोन वर्षं असावं लागतं. नवरा २०२१ मध्ये पास झाला होता, त्यामुळे तो चालला. पण त्याच्या पॉलिसीवर माझं नाव लर्नर म्हणून घालायला तीन आठवडे आणि वर्षाचे ३९० युरो लागले. तोपर्यंत माझे दोन धडे होऊन गेले होते आणि मध्ये सराव शून्य. दुसऱ्या धड्यातला निम्मा वेळ पहिलाच धडा आठवण्यात गेला.

एकटीने चालवण्याचा विचारही करू नका, घरापासून दुकानापर्यंतसुद्धा. पूर्वी इथे लर्नर सर्रास एकटे चालवत, असं शेजारच्या आजी सांगतात. डिसेंबर २०१८ पासून कायदा कडक झाला. लर्नर एकटा सापडला तर पोलीस गाडी जप्त करू शकतात, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर जाणूनबुजून चालवू देणारा मालकही दोषी ठरतो. या दुरुस्तीला क्लॅन्सी यांच्या नावाने ओळखतात. त्या घरातल्या आई आणि मुलगी डिसेंबर २०१५ मध्ये एकट्या लर्नरच्या गाडीची धडक बसून गेल्या. हे वाचल्यापासून परमिटवरची अट मला कटकट वाटली नाही.

पहिला धडा २ मार्च २०२४, शनिवार, सकाळी दहा. शिक्षिका साठीच्या जवळपासच्या, शांत आवाजाच्या. बारा धड्यांचे ५४० युरो ठरले, म्हणजे तासाला ४५. पहिली चाळीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. सीट किती पुढे, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किती वाकतो, तिन्ही आरसे, बॉनेट उघडून तेल कुठे, पाणी कुठे, टायर कसे बघायचे. मनात येत होतं, एवढ्या पैशात फक्त हेच? हाच भाग परीक्षेत तोंडी विचारतात, आणि तो मला दोन्ही वेळा नीट आला तो त्या चाळीस मिनिटांमुळे.

धड्यांचा क्रम ठरलेला आहे. रस्त्यावरची योग्य जागा, वळणं, पुढे काय होईल याचा अंदाज, इतरांबरोबर रस्ता वाटून घेणं, रहदारीतून जाणं असं करत एक ते आठ याच क्रमाने घ्यावे लागतात. नऊ ते बारा कोणत्याही क्रमाने चालतात. बारावा धडा रात्रीच्या ड्रायव्हिंगचा. आणि इथे एक गंमत आहे जी मला कुणी सांगितली नाही. मी मार्चमध्ये सुरुवात केली, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आठवा धडा जूनच्या मध्यावर झाला, आणि जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. शिक्षिका संध्याकाळी सातनंतर धडे घेत नाहीत. मग जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पाच आठवडे भारतात. रात्रीचा धडा झाला तो थेट १७ ऑक्टोबरला. सप्टेंबरात सुरुवात केली असती तर हे चार महिने वाचले असते.

प्रत्येक धड्यानंतर शिक्षिका एका वहीत शिक्का मारून शेरा लिहितात. त्याच वहीत आपणही काय जमलं आणि काय नाही ते लिहायचं, शेजारी बसणाऱ्यानेही लिहायचं. बहुतेक जण ही पानं कोरी ठेवतात. मला मात्र ती फार उपयोगी पडली. दोन धड्यांच्या मध्ये किमान तीन तास सराव करा असा सल्ला असतो. आम्ही मिनिटं लिहून ठेवायला लागलो तेव्हा कळलं, की 'भरपूर चालवलं' असं वाटलेला आठवडा प्रत्यक्षात पन्नास मिनिटांचा होता.

सराव रविवारी सकाळी सातला, गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत. रिकामे रस्ते, रुंद वळणं. पहिले तीन रविवार फक्त अर्ध्या क्लचवर गाडी सरकवणं आणि थांबवणं. घरच्या माणसाकडून शिकताना भांडणं होतात हे सगळे सांगतात, आमचीही झाली. एकदा मी भर रस्त्यात गाडी कडेला घेऊन खाली उतरले आणि पंधरा मिनिटं बाहेरच उभी राहिले. तो काचेतून एवढंच म्हणाला, "अगं, थंडी आहे, आत तरी बस." त्या दिवशी घरी येऊन आम्ही तीन नियम ठरवले. वळायचं कुठे ते त्याने दोनशे मीटर आधी सांगायचं. चुकांबद्दल गाडी थांबल्यावरच बोलायचं. आणि 'थांब' हा एकच शब्द तातडीचा, तो ऐकला की प्रश्न न विचारता ब्रेक. हे ठरल्यावर वाद जवळजवळ बंद झाले.

मे महिन्यात गावातल्या चढावरच्या सिग्नलला माझी गाडी चार वेळा बंद पडली. हिरवा गेला, लाल आला, परत हिरवा. मागे सात-आठ गाड्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही. हॉर्न वाजला असता तर कदाचित राग आला असता आणि तो रागच मला पुढे घेऊन गेला असता. त्या शांततेत मला रडू आलं. नवऱ्याने हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "आपल्याला घाई नाही." पाचव्या वेळी हँडब्रेक वर ठेवून, क्लच हळूहळू सोडत, गाडीचं नाक किंचित वर येतंय हे जाणवल्यावरच मी ब्रेक सोडला. चढावर गाडी उचलणं मला त्या दिवशी आलं. नंतरचे दोन रविवार त्याच सिग्नलला जाऊन तेच केलं.

सातवा धडा माझ्या सगळ्यात जवळचा. किल्डेअर म्हणजे घोड्यांचा मुलूख, आणि करा नावाच्या मोठ्या माळावर मेंढ्या मोकळ्या चरतात, रस्त्यावरसुद्धा येतात. घोडेस्वार दिसला की वेग कमी करायचा, भरपूर अंतर ठेवायचं, हॉर्न अजिबात नाही, इंजिन रेस करायचं नाही. शिक्षिकेने मला विचारलं, समोरचा घोडा घाबरलाय हे कशावरून ओळखशील? मला सांगता येईना. तिने कान दाखवले. रस्त्यावर मी गाड्या, दिवे, पाट्या बघत होते. कुणाचे कान बघायचे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये बारा धडे पूर्ण झाल्याची नोंद शिक्षिकेने ऑनलाइन केली. परमिट मिळाल्यापासून सहा महिने झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही, ते तर कधीच उलटून गेले होते. ८५ युरो भरून अर्ज केला आणि वाट बघणं सुरू झालं. रांगेत आपला नंबर आला की ईमेल येतो, मग तारीख निवडायची. माझा ईमेल जानेवारीच्या शेवटी आला. इनबॉक्सबरोबर स्पॅमही रोज बघा, कारण निवडीसाठी दिलेली मुदत लहान असते.

मध्येच नियम बदलला. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ८० वरून ६० झाली. मी अकरा महिने ज्या अरुंद रस्त्यांवर सराव केला, तिथे आता पायाला दुसरी सवय लावायची होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती आणि समोरून ट्रॅक्टर, अशा रस्त्यावर ८० मला कधीच झेपत नव्हते.

पहिली परीक्षा ४ मार्च २०२५, मंगळवार. परीक्षक आधी परमिट बघतात, गाडीवरचे विमा, कर आणि तपासणीचे कागद आणि पुढे-मागे एल पाट्या आहेत ना हे बघतात. यातलं काही चुकलं तर परीक्षा होतच नाही आणि फी जाते. मग नियमांचे तोंडी प्रश्न, हाताच्या खुणा, बॉनेटखालचे भाग. त्यानंतर साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं रस्त्यावर. कोपऱ्याभोवती रिव्हर्स, अरुंद रस्त्यावर गाडी उलटी फिरवणं, चढावरची सुरुवात. हे तिन्ही माझे छान झाले. बाहेर पडताना मला वाटलं, झालं.

नापास. चुकांचे तीन दर्जे असतात. पहिल्या दर्जाच्या मोजत नाहीत, तिसऱ्या दर्जाची एकही चालत नाही, आणि दुसऱ्या दर्जाच्या नऊ झाल्या की नापास. माझ्या दहा होत्या. अहवालात बघितलं तर त्यातल्या सहा दोनच सदरांत: निरीक्षण आणि प्रगती. प्रगती म्हणजे जायला जागा असताना न जाणं. मी रिकाम्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकावर, थांबले होते. तीनदा. सावधपणा हीसुद्धा चूक धरली जाते हे मला पटायला आठवडा लागला. माझ्या मागच्याने मी निघेन हे धरून गाडी पुढे घेतली असती तर काय झालं असतं, हे शिक्षिकेने कागदावर काढून दाखवलं तेव्हा पटलं.

पुन्हा ८५ युरो, पुन्हा रांग. या वेळी साडेपाच महिने. त्या काळात मी चार जादा धडे घेतले, प्रत्येकी ५० युरोंचे, आणि त्यातल्या पहिल्याच धड्यात शिक्षिकेने एक गोष्ट सुचवली जिने सगळं बदललं. तिने सांगितलं, दिसेल ते मोठ्याने बोलत गाडी चालव. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि शब्द शोधण्यातच सिग्नल आला. तेव्हा तिने विचारलं, तू स्वप्नं कोणत्या भाषेत बघतेस? मग त्या भाषेत बोल, मला कळायची गरज नाही.

तेव्हापासून मी मराठीत गाडी चालवायला लागले. "आरसा. मागे पांढरी व्हॅन, जवळ आहे. डावीकडे सायकलवाला, तो बाहेर येणार, समोर गाडी उभी आहे ना. आरसा. वेग कमी. झेब्रावर आजी, बघताहेत, थांबते." शिक्षिका शेजारी बसून फक्त ऐकत. धडा संपल्यावर त्यांनी विचारलं, की राउंडअबाउट आला की तू गप्प का होतेस? मला ते जाणवलंच नव्हतं. भाषा न कळणाऱ्या माणसाला ते ऐकू आलं होतं. मी बोलायची थांबत होते, कारण त्या क्षणी मी बघायचीच थांबत होते. चाक घट्ट धरायचं आणि कुणीतरी जायला सांगेल याची वाट बघायची, असं माझं चाललं होतं.

पुढचे दोन महिने सराव फक्त याचा. घराजवळच्या तीन राउंडअबाउटना लागोपाठ, पुन्हा पुन्हा. पन्नास मीटर आधीपासून उजवीकडे बघत बोलायचं: "लाल गाडी, ती डावीकडे बाहेर पडतेय, इंडिकेटर आहे. मागे मोकळं. जाते." तो शेवटचा शब्द उच्चारला की पाय आपोआप हलायचा. मुलगी मागच्या सीटवरून माझ्याबरोबर म्हणायला लागली. सरावाच्या वहीत तोवर ७१ तास झाले होते. बारा अधिक चार धडे वेगळे.

१९ ऑगस्टच्या परीक्षेत अर्थातच मोठ्याने बोलले नाही, पण ओठ हलत असावेत. आरशात बघताना डोळ्यांबरोबर मानही थोडी हलवत होते, कारण परीक्षकाला आपण बघितलेलं दिसावं लागतं. दुसऱ्या दर्जाच्या पाच चुका झाल्या. निकाल त्याच दिवशी कळला. विमा आणि सरावाचं पेट्रोल सोडून सगळा खर्च १,०३० युरो झाला.

एल पाट्या काढून आता दोन वर्षं एन, म्हणजे नवख्याच्या, पाट्या लावायच्या आहेत. दंडाचे सात गुण झाले की सहा महिने लायसन्स जातं, पूर्ण लायसन्सवाल्यांना ही मर्यादा बाराची असते. दारूची मर्यादाही नवख्यांना जवळजवळ शून्य.

लर्नरला मोटरवेवर जायला बंदी असते, शिक्षक शेजारी असला तरी. म्हणजे पास झाल्याच्या दिवशी १२० च्या रस्त्यावर जायचा हक्क मिळतो आणि अनुभव काहीच नसतो. म्हणून लायसन्स हातात आल्यावर मी आणखी एक धडा घेतला, फक्त एम-७ या मोटरवेसाठी. तो सक्तीचा नाही, पण परवडत असेल तर घ्याच. जोडरस्त्यावर वेग कमी करायचा नसतो, वाढवायचा असतो, आणि आत शिरायची जागा धावता धावताच हेरायची असते. शिक्षिका म्हणाल्या, तयार असशील तेव्हा. मी आरशात बघितलं, खांद्यावरून मागे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "ट्रक मागे आहे, लांब. त्याच्या पुढे जागा आहे. नव्वद, शंभर. जाते."